एकनळीला तेल दिल्याची वही

८ जून २०२५
तेल आणायला गेले तेव्हा डहाणूचा बंदूकवाला म्हणाला, आजी, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकनळी बंदूक उघडायची, कोरड्या फडक्याने पुसायची, नळीत तेलाचा बोळा फिरवायचा आणि वहीत तारीख टाकायची. म्हणून ही वही. तिसरी शिकले आहे, तारीख टाकता येते. बाकी कोणी वाचायचं काम नाही.
आमचा म्हातारा, चैत्या, मे महिन्यात पडला. मिरचीत रानडुकरं शिरली म्हणून बंदूक घेऊन निघाला आणि बांधावरच लकवा मारला. नविनने आधी बापाला उचलून आणलं, मग बंदूक. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नुसतं था था करतो. डावा हात तेवढा चालतो.
ऑक्टोबरात लायसनची मुदत संपते. तेव्हा बंदूक दाखवायला लागते. चांगली असली तर लायसन नविनच्या नावावर होईल. गंजलेली निघाली तर जमा. सासऱ्याच्या वेळची बंदूक आहे. माझ्या हातून जमा होणार नाही, लिहून ठेवते.

२२ जून
पंधरा दिवस भरले. बंदूकवाल्याच्या तेलाला घासलेटचा वास. असलं घाण तेल घरच्या वस्तूला कोण लावतं? खोबरेल लावलं. बाहेरून आरशासारखी झाली. आतून उघडली नाही, ती कळ मला जमत नाही. आतून कोण बघतो?
मग युरियाची रिकामी गोण धुतली आणि तिच्यात गुंडाळून सुतळीने आवळली. नविनची बायको सुषमा म्हणाली, आई, गोण ओली आहे अजून. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या घरी साधी गलोल नव्हती, तू मला बंदूक शिकवू नको.

६ जुलै
भिंती घामेजल्या आहेत. रात्रभर विचार केला आणि सकाळी मार्ग सापडला. बियाणं आपण चुलीवरच्या माळ्याला टांगतो. धुराने किडा लागत नाही, बुरशी येत नाही. लोखंड काय बियाण्यापेक्षा नाजूक आहे? टांगली. बाजूला खारवलेले मासे होते, ते थोडे सरकवले.
सुषमा म्हणाली, मिठाचं पाणी गळतं त्यांतून. मी म्हटलं, मीठ मासा टिकवतं, तर बंदूक का नाही टिकवणार?
म्हातारा खाटेवरून सगळं बघत होता. माळ्याकडे हात करून केवढ्याने था था केलं. पडल्यापासून एवढा खूश पहिल्यांदा बघितला.

२० जुलै
तारीख टाकली. गोण सोडली नाही. सोडली तर ओली हवा आत जाणार. त्या बंदूकवाल्याला एवढंही कळत नाही.
मी चूल पेटवली की म्हातारा ओरडतो. गारठा लागत असणार. खाट ओढून चुलीजवळ घेतली. आता जास्त ओरडतो. ऊब मिळाली की आवाज मोकळा होतो. महिन्याभरात बोलेल.

३ ऑगस्ट
तारीख.
खाट परत लांब घ्या म्हणून सुषमा मागे लागली आहे. बाबा घाबरतात म्हणते. डुकराच्या अंगावर जाणारा माणूस चुलीला घाबरेल? हिने कंपनीत पॅकिंग केलं चार वर्षं, माणूस कुठे बघितला.

१७ ऑगस्ट
म्हाताऱ्याने नवीन खूण काढली. मूठ मिटतो, फाडकन उघडतो आणि तोंडाने फू करतो. मग माळ्याकडे बोट, मग स्वतःच्या छातीकडे.
सुषमा म्हणाली, आई, ते काहीतरी सांगतात. मी म्हटलं, पन्नास वर्षं संसार मी केला की तू? भाकरी फुगली पाहिजे म्हणतो. मोठी फुगवून दिली. त्याने ताटली भिरकावली. मीठ कमी पडलं असेल.

७ सप्टेंबर
माळ्यावरून तांबडं पाणी ठिपकतं. एक ठिपका भाकरीवर पडला. धुराचा रंग असतो तसा.
सुषमा म्हणाली, हा गंज आहे. मी म्हटलं, मासे आहेत. ती म्हणाली, मासे तर ऑगस्टातच खाल्ले. आता दोन दिवस तिच्याशी बोलणार नाही.
नविन म्हणाला, एकदा सोडून बघू या. मी म्हटलं, दाखवायच्या दिवशी सोडू. मध्येच सोडली तर एवढ्या दिवसांची मेहनत वाया.

२८ सप्टेंबर
तारीख. पाड्यावरच्या लहान्याच्या शेतात डुकरं आली. अर्धं भात आडवं केलं. आपलं भात त्याच्या शेजारी. काळजी नाही, लायसन झालं की नविन बघेल.
म्हातारा आता खूण करत नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. समाधानी दिसतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार
लायसनच्या ऑफिसात नविन आणि मी. सुतळी साहेबासमोर सोडली. गोण चिकटली होती, ओढून काढली तशी पापुद्रे निघाले. साहेब म्हणाला, आजी, ही बंदूक आहे की नांगराचा फाळ? मी म्हटलं, वरवरचं आहे, घासलं की जाईल. म्हणाला, उघडा. नविनने जोर लावला, शिपायाने लावला. उघडली नाही. बंदूकवाल्याकडे पाठवली.
त्याने लोखंडी शिकंज्यात आवळून धरली, तेल सोडलं, तास गेला. उघडली तसा तो दोन पावलं मागे सरकला.
आत काडतूस होतं. फुगून हिरवं झालेलं. भरलेली बंदूक. घोडासुद्धा चढलेला, गंजाने तिथेच धरून ठेवलेला.
तो म्हणाला, गंज नसता तर जराशा धक्क्याने उडाली असती. कुठे ठेवली होती? मी म्हटलं, चुलीवर. त्याने विचारलं, नळीचं तोंड कुठल्या बाजूला होतं? नविन माझ्याकडे बघायला लागला. मी त्या माणसाला सांगितलं नाही.
खाटेकडे होतं.

१४ ऑक्टोबर
बंदूक जमा. लायसन गेलं.
काल घरी येऊन म्हाताऱ्याजवळ बसले. सांगितलं, भरलेली होती. त्याने डोळे मिटले. मी म्हटलं, तुला माहीत होतं, नाही का? हे विचारायला नको होतं. पावसाळाभर तेच सांगत होता.
सुषमाने खाट ओढून परत लांब घेतली. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ ऑक्टोबर
डुकरं आली. आपलं भात गेलं. नविन डबा वाजवत धावला, सुषमा बॅटरी घेऊन. लहान्याही आला. तोपर्यंत तुडवून झालं होतं.

२६ ऑक्टोबर
आज म्हाताऱ्याने पुन्हा हात केला. दाराकडे. सुषमाने विचारलं, आई, काय म्हणतात? मी म्हटलं, मला नाही कळत, तू विचार.
तिने पाणी दाखवलं, नको. चादर दाखवली, नको. दोघींनी खाट ओढून दारात नेली. तिथूनही तो बाहेर बांधाकडे हात करतोच आहे.