पाहुण्यांचा सोफा

ताल्कावानो,
११ जून १९६७

ती. एर्मिंदाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, मुलांचे फोटोही. धाकट्याचं नाक थेट बाबांचं, बिचारा. इकडे पाऊस हटायचं नाव घेत नाही. बंदरावरून वारा सुटला की छपराचे पत्रे असे खडखडतात की आईचं बोलणं ऐकू येत नाही. तेवढंच सुख.

बाबांना मात्र बरं नाही. परवा डॉक्टर येऊन गेले. हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, आडवं झोपलं की गुदमरणारच, म्हणाले. पाठीला भक्कम आधार देऊन, टेकून, बसल्याबसल्याच झोपायला हवं. पलंगावर उशा रचून पाहिल्या, तर उशा घसरतात आणि उशांबरोबर बाबाही. म्हणून रात्रभर ते स्वयंपाकघरात चुलीपाशी लाकडी खुर्चीवर बसतात, टेबलावर डोकं टेकून. सकाळी कपाळावर टेबलक्लॉथची नक्षी उमटलेली असते.

डॉक्टर म्हणजे पाहुणे, तेव्हा आईनं त्यांना बैठकीच्या खोलीत तू पाठवलेल्या सोफ्यावर बसवून चहा दिला. त्यांनी सोफ्याचा हात थोपटला आणि म्हणाले, हा आहे की घरात! कोपऱ्यात टेकवा त्यांना, छान झोप लागेल. आईनं हसून मान हलवली. ते गेल्यावर सोफ्यावर चादर घातली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. मी विचारलं तर म्हणाली, तो पाहुण्यांचा आहे, आणि एर्मिंदाची वस्तू आहे.

माझं ती ऐकत नाही, हे तुला नवं नाही. तुझं ऐकते. बाबांना सोफ्यावर झोपू दे, एवढ्या दोन ओळी तिला लिही.

तुझी,
ओतिलिया

वाल्पाराइसो,
२४ जून १९६७

चि. ओतिलियास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जीव कासावीस झाला. बाबांना म्हणावं, मीठ अजिबात नको. आणि तू सुद्धा जरा खात जा, फोटोत नुसती हाडं दिसतेस.

सोफ्याचं वाचून मला आमच्या जुन्या सोफ्याकडे बघून हसूच आलं. काय काय सोसतो बिचारा! रेनातो जेवला की तोंडावर वर्तमानपत्र घेऊन त्यावर घोरतो. मुलांसाठी तो कधी जहाज असतो, कधी आगगाडी. एका टोकाला इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, दुसऱ्या टोकाला मी वाटाणे सोलत बसलेली. धाकट्याला गोवर आला तेव्हा तो सगळा आठवडा त्यावरच राहिला. मांजर सोफ्यामागे व्यायली. गादीखाली हात घातला की चमचे, पेन्सिली, अर्धं बिस्किट, काय वाटेल ते निघतं. म्हणून तर तिकडे एक तरी चांगला असावा असं वाटलं.

तू म्हणतेस ते मला पटतं गं. बाबांपुढे सोफ्याची काय मातब्बरी! पण आईचीही बाजू बघ. बाबांना खोकला, त्यात थुंकी पडते. मखमलीवरचा डाग जात नाही. आणि सप्टेंबरात स्वातंत्र्यदिनाच्या सणाला माझे सासूसासरे पहिल्यांदाच तुमच्याकडे येणार आहेत. सासूबाई कशा आहेत तुला माहीत नाही, त्या खुर्चीखालीसुद्धा बोट फिरवून बघतात. आत्ता मी आईला काही लिहिलं तर ती म्हणेल तूच मला शिकवलंस, आणि तुमची दोघींची जुंपेल. सवडीनं, नीट शब्दांत लिहीन. तोवर बाबांसाठी एक लोकरीची शाल पाठवते आहे.

रागावू नकोस, रागावलीस की तू अगदी आईसारखी दिसतेस.

तुझी,
ताई

ताल्कावानो,
९ जुलै १९६७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाल मिळाली. ऊबदार आहे. तिला टेकता येत नाही.

तुझा सोफा काय काय करतो ते कळलं. आमचा काय करतो ते ऐक. आमचा बसतो. दर शनिवारी आई कुलूप उघडते, चादर काढते, ब्रशनं मखमलीची लव एका दिशेला वळवते, पुन्हा चादर घालते. मला आत जायचं तर वहाणा बाहेर. दोन वर्षांत त्यावर बसले ते पाद्री, विम्याचा माणूस आणि डॉक्टर. या घराचं भाडं भरणाऱ्या माणसाची पाठ त्याला अजून लागलेली नाही. तीस वर्षं ते कारखान्यातून आले की मागच्या दारानं येतात, कारण कपड्यांना तेल असतं. आता कारखाना सुटला, तेल सुटलं, तरी ते मागच्याच दारानं येतात.

बाबांचे पाय सुजून मोजे चढत नाहीत. बोलता बोलता डुलकी लागते, मान खाली पडते आणि ते दचकून जागे होतात. सूप निम्मं राहतं. कधी कधी बोलणंही भरकटतं, मला तुझ्या नावानं हाक मारतात. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत, जेवढी झोप देता येईल तेवढी द्या.

नीट शब्द शोधत बसू नकोस. वाकडेतिकडे चालतील. पण ह्या आठवड्यात लिही. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

ओतिलिया

ताल्कावानो,
३० जुलै १९६७

चि. सौ. एर्मिंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. व्याही येणार त्याची काळजी करू नकोस. पडदे धुतले, पितळ घासलं. मक्याच्या दाण्यांचं पास्तेल आणि खिम्याच्या एम्पानादा करीन, वाइन रेनातोनं आणावी. सोफा तू दिलास तसाच आहे, एक चुणी नाही. तू लिहिलंस तसं खिडकीपासून सरकवला, ऊन लागून रंग उडायला नको.

ओतिलिया माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं मी दगड आहे. मी लहान असताना शाळेच्या बाई घरी आल्या, तेव्हा आमच्याकडे त्यांना बसवायला साबणाचं खोकं होतं. बाई उभ्याच राहिल्या, आणि आईनं मान वर केली नाही. माझ्या मुलीला व्याह्यांपुढे तशी मान घालावी लागू नये, एवढंच मला वाटतं. तुझे बाबा समजूतदार आहेत, त्यांनी कधी मागितलाही नाही.

त्यांना फार धाप लागते. प्रार्थना कर.

तुझी आई

वाल्पाराइसो,
२७ ऑगस्ट १९६७

चि. ओतिलियास,
अ. उ. आ.

बाबांना पोचवून परत आले, पण मन तिथेच आहे. त्या दिवशी मी सोफ्यावर बसले होते आणि समोर बाबांची शवपेटी. सगळ्या घरात पेटी मावेल अशी तीच एक खोली. शेजारणी येऊन दोन्ही बाजूंना बसत होत्या, रडत होत्या, आणि त्यातली एक मला हळूच विचारत होती की ही मखमल कुठे मिळाली. मला वाटलं जमीन फाटावी.

तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बोलू नयेस असंच मी वागले. आईला ते पत्र मी लिहिलं तेव्हा बाबांचं शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण सासूबाईंच्या येण्याचं लिहिता लिहिता कागद संपला. पुढच्या पत्रात लिहू म्हटलं.

आता एकच सांग. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू कधीतरी आईची नजर चुकवून त्यांना आत नेलंच असशील. एकदा तरी ते त्या सोफ्यावर बसले का गं? हो म्हणालीस तर मला झोप लागेल.

तुझी,
ताई

ताल्कावानो,
१० सप्टेंबर १९६७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो. बसले.

जुलैतल्या एका रविवारी आई चर्चमध्ये प्रार्थनेला गेली आणि किल्ली धुवायच्या एप्रनमध्ये राहिली. मी बाबांना धरून आत नेलं. दाराशी त्यांनी टोपी काढली, पायपुसण्यावर पाय पुसले आणि मला हळूच विचारलं की घरात कोण आहे. कोणी नाही, आपलंच आहे, बसा, असं मी म्हटलं. ते बसले ते अगदी कडेला, टोपी गुडघ्यांवर धरून, पाठ ताठ. मी म्हटलं, बाबा, मागे टेका. तर म्हणाले, नको, बरं नाही दिसत. मखमलीवरून हात फिरवला तोही उलटा, कारण तळहात खरबरीत, लव ओढली जाईल. भिंतीवरचं आपल्या कुटुंबाचा फोटो बघून म्हणाले, चांगले लोक दिसतात.

मी उशी घेऊन मागे उभीच होते. टेकले असते तर झोप लागली असती गं, डोळे मिटत होते. पण ते उठले. म्हणाले, चल पोरी, निघू या, यांच्या जेवणाची वेळ झाली असेल.

परत चुलीपाशी खुर्चीवर बसवल्यावर जरा भानावर आले. विचारलं, तो सोफा कुणाचा गं? मी सांगितलं, तुमचाच, एर्मिंदाताईनं तुमच्यासाठी पाठवलाय. इतके खूश झाले की खोकला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाले, तिला कळव, मी जपून बसलो, मळू दिला नाही.

तर कळवलं.

तुझी,
ओतिलिया