श्वास तिथे फुलस्टॉप

३ ऑक्टोबर १९९१
आजपासून चारुदत्तची आणि माझी ओळख नाही. रिटायर्ड इंग्लिश मास्तर. माझ्या टायपिंगच्या दुकानासमोरच दुकान टाकतो आणि माझ्याच गिऱ्हाइकांना सांगतो, तिथे एक वाक्य कुठे संपतं हेच कळत नाही, स्वल्पविराम ठोकत पुढे जातात. तळोज्याची केमिकल कंपनी वर्षभराची इंग्लिश पत्रं एकाच दुकानाला देणार आहे. दिवाळीआधी ठरेल. हे काम गेलं तर नुसत्या कोर्टाच्या अर्जांवर माझं दुकान टिकत नाही. पण जाणारच नाही.

५ ऑक्टोबर
व्याकरण शिकलो नाही. कान आहे. नवी पद्धत: टायपिस्ट माधुरीने पत्र मोठ्याने वाचायचं, मी डोळे मिटून ऐकायचं. तिने श्वास घेतला की फुलस्टॉप. चारुदत्तला उभ्या नोकरीत हे सुचलं नाही.

९ ऑक्टोबर
माधुरीला सर्दी. दम लागतो. कंपनीने दिलेल्या नमुन्याच्या पत्रात दर दोन-तीन शब्दांना फुलस्टॉप. कंपनीच्या साहेबांचा फोन. विचारलं, ही तार आहे का? म्हटलं, मॉडर्न स्टाइल. साहेबांनी बरं म्हणून फोन ठेवला. पटलं असावं. आणखी एक पत्र देतात.
माधुरी म्हणाली, काका, चारुदत्त सरांना एकदा दाखवू या? तिला आठवडाभर सुट्टी दिली.

१४ ऑक्टोबर
वाचायला खांदा कॉलनीचा हरेश. दोन पोरांचा बाप, अजून कबड्डी खेळतो. आवाज खणखणीत. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत एका दमात वाचून मोकळा. मी पेन धरून बसलेलो. म्हटलं, मध्ये श्वास घे की. म्हणाला, "शेठ, मधी दम सोडला की आउट."
म्हणजे पत्र एकच वाक्य. कानाने सांगितलं ते सांगितलं. शोभेला स्वल्पविराम टाकून पाठवलं.

२१ ऑक्टोबर
साहेब स्वतः आले. चहा सांगितला. म्हणाले, पत्र सरकारी ऑफिसात गेलं; कंपनीने नाल्यात पाणी सोडणं बंद केलं की चालू केलं, तिथे कोणाला कळेना. चौकशी लागली. चहा न घेता रस्ता ओलांडून समोर गेले. चारुदत्तचा चहा घेतला. त्यांची आवडच हलकी.

२ नोव्हेंबर
काम चारुदत्तला. त्याला झेपणार नाही, रडत येईल असं सकाळीच हिला सांगितलं. आणि आलाच. नमस्कार केला मेल्याने. म्हणाला, "टायपिंगला हात कमी पडतोय. तुमच्याकडे सध्या काम नसेल तर माधुरीला नेऊ का?" नाही म्हणायला टेबलावर एक कागद हवा होता. माधुरीने पर्स आधीच उचललेली. काका, येते, म्हणाली.
दुपारभर कान समोर. तिचं मशीन एकदा थांबेल तर शपथ.
उद्या तक्रार करणार आहे. आवाज फार होतो.