मागून मिळणारा माणूस

सोंगरे,
शनिवार दुपार

प्रिय बिबाता,

जो माणूस नुसता मागितल्यानं सुटू शकतो, त्याला हुकूम काढूनच सोडवायचा हट्ट धरावा का? आठवडाभर हा प्रश्न डोक्यात आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. कायद्याच्या शाळेत हा प्रश्न कुणी घातला नव्हता. परवा तू फोनवर म्हणालीस, ताई, तुझा आवाज असा का येतोय, आणि मी म्हणाले, धूळ फार आहे. धूळ आहेच, सगळ्या फायलींवर लाल थर बसलाय. पण फोनवर त्याहून जास्त बोलायची हिंमत होत नाही, म्हणून हे पत्र. तोए साहेबांच्या पत्नी उद्या तिकडे राजधानीत, वागादुगुला निघाल्या आहेत, मंत्रालयात खेटे घालायला. त्याच तुझ्या हातात देतील.

तोए साहेब तुला आठवत असतील. आमच्या न्यायालयाचे मुख्य. माझ्या शपथविधीला आईच्या हातची भजी उभ्या उभ्या खाणारे ते उंच गृहस्थ. ते सामो जमातीचे आणि आपण मोस्सी, म्हणजे जन्मापासूनचं थट्टेचं नातं: एकमेकांना गुलाम म्हणायचं, सामोंना कुत्रा खाण्यावरून चिडवायचं आणि कुणी रागवायचं नाही. मी इथं न्यायाधीश म्हणून रुजू झाले त्या दिवशी भर कचेरीत म्हणाले, "आली का आमची गुलाम? उशीर केलास. अंगण कोण झाडणार?" पहिलाच दिवस, पण जीभ आपल्या घरची. म्हटलं, "मालक कधी उशिरा येत नसतो, साहेब. सकाळी कुत्र्याचं डोकं खाऊन आला असाल, तर हात धुऊन बसा." सगळे हसले आणि माझी निम्मी भीती तिथंच गेली. त्यानंतर एक सकाळ अशी गेली नाही की त्यांनी मला गुलाम म्हटलं नाही आणि मी त्यांना कुत्र्याच्या जेवणावरून चिडवलं नाही. निकाल लिहायला बसले की मात्र थट्टा बंद. एकदा मी मसुद्यात लिहिलं, "न्यायालय विनंती करते." त्यांनी तो शब्द खोडला आणि म्हणाले, "पोरी, न्यायालय विनंती करत नाही. करायला लागलं तर आपण दोघं बाजारात कांदे विकू. तिथं निदान वजन खरं असतं."

मग इद्रिसाचं प्रकरण आलं. इद्रिसा इथल्या शाळेत शिक्षक आहे. गावच्या रेडिओवर फोन लावून त्यानं विचारलं की शिपायांनी बाजारातून उचललेली माणसं कुठं ठेवली आहेत. दुसऱ्या दिवशी त्यालाही वर्गातून उचललं. आरोप नाही, कागद नाही. त्याची बायको आझेता कडेवर पोर घेऊन ठाण्यावर गेली की शिपाई म्हणायचे, असा कुणी माणूस इथं नाही. आणि ती परत निघाली की तिनं आणलेला डबा मात्र आत जायचा. तिनं अर्ज केला. तोए साहेबांनी हुकूम काढला, या माणसाला कोर्टात उभा करा, नाहीतर सोडा. ठाण्यानं कळवलं, हुकूम पोचलाच नाही.

त्यानंतर साहेबांसाठी एक कागद आला. लष्करातल्या कॅप्टन लोकांनी सत्ता घेतल्यापासून सक्तीच्या भरतीचा कायदा आहे, तुला माहीतच आहे. साहेबांना नोकरीवरून काढलं नाही, साधी बदलीही केली नाही. मातृभूमीच्या रक्षणासाठी उत्तरेकडच्या आघाडीवर अतिरेक्यांशी लढायला हजर व्हा, एवढंच लिहिलं होतं. सेवानिवृत्तीला आलेला माणूस, साखरेचा आजार. जाताना चष्म्याची दोन घरं घेऊन गेले. मध्यंतरी रसद नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर त्यांचा निरोप घेऊन आला. "माझ्या गुलामाला सांग, मोस्सींना बंदूक धरता येत नाही असं मी आयुष्यभर म्हणत आलो. मलाही येत नाही, हे कुणाला सांगू नको." मी हसले, आणि मग फायलींच्या खोलीत जाऊन बराच वेळ उभी राहिले.

हे मी बाबांना सांगितलं होतं, गेल्या सणाला. ते म्हणाले, "देशानं बोलावलं तर जायला नको? शेजारच्या गवंड्याचा पोरगा गेला आणि पेटीतून परत आला. त्याला कुणी विचारलं का, तुला सवड आहे का?" त्या पोराच्या मयतीला मीही होते. कॅप्टन आले त्या दिवशी बाबा रस्त्यावर नाचले होते, ते खोटं नाचले नव्हते. चोर गेले, आता आपली पोरं आली, असं त्यांना मनापासून वाटलं. मलाही थोडं वाटलं होतं, बिबाता. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली, तर मी जाईन. पण चिठ्ठी फक्त हुकूम लिहिणाऱ्याच्याच नावाची निघत असेल, तर ती भरती नव्हे, शिक्षा आहे. हे बाबांना कसं सांगायचं ते मला जमलं नाही. पोरीला शिकवायला विटा पाडून हाताची साल गेली त्या माणसाची, आणि मी त्यांना एक साधी गोष्ट समजावू शकत नाही.

साहेब गेल्यावर आझेतानं पुन्हा अर्ज केला आणि या वेळी तो माझ्या टेबलावर आला. दुसरं टेबलच नाही. सोमवारी ठाण्याचा कमांडर झेर्बो स्वतः आला. तोही सामो. दारातूनच म्हणाला, "काय गुलामबाई, मालकाला खुर्ची नाही का?" शब्द अगदी तेच, तोए साहेबांचे. मी नेहमीप्रमाणे कुत्र्याच्या डोक्यावरून काहीतरी बोलले. तो मोठ्यानं हसला, पाय पसरून बसला आणि माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "तुम्हा मोस्सी बायकांचे पाय रुंद. तुमच्या मापाचे बूट लष्कराच्या भांडारात आहेत का, बघून ठेवायला हवं." कचेरीतले सगळे हसले, कारण हसायचं असतं. थट्टेच्या नात्यात रागावणारा माणूस कमी प्रतीचा. मी हसले की नाही, मला आठवत नाही. ही धमकी होती असं मी कुणाला सांगितलं, तर तोच म्हणेल, अगं, आपल्यात एवढंही चालत नाही का?

मग त्यानं खुर्ची जवळ ओढली. म्हणाला, "त्या मास्तरासाठी कागद कशाला खराब करतेस? मला माग. सामोनं मोस्सीला नाही म्हणायची रीत नाही. भर चौकात ये आणि म्हण, झेर्बो, गुलामा, माझा माणूस दे. मी कान पकडून आणून देतो. सगळे हसतील, तो घरी जाईल, तू खुर्चीत राहशील. फक्त आधी तो अर्ज फेटाळून टाक. ज्या माणसाला आम्ही कधी धरलंच नाही, त्याचा अर्ज कसला?"

खरं सांगते, त्या क्षणी मला हलकं वाटलं. आमचे जुने कारकून बालिमाकाका तर हात जोडायला लागले. "बाई, हसून काम होतंय. हसायला काय पैसे पडतात? नाती असतात कशाला? अशा थट्टेवर खून मिटलेत आपल्याकडे." ते खोटं बोलत नाहीत, आपल्या आजोळच्या विहिरीचं भांडण असंच मिटलं होतं. पण तिथं दोन्हीकडे माणसंच होती. इथं एकाच्या हातात कोठडीची किल्ली आहे. आज मी मागून घेतलेला माणूस त्याला उद्या परत न्यावासा वाटला, तर मी काय म्हणू? पुन्हा मागू? आणि बाजारातून उचललेले बाकीचे, ज्यांचं कुणाशी थट्टेचं नातं नाही, त्यांच्यासाठी कोण मागणार? हे सगळं मला नीट कळत होतं. पण आपण शहाण्या आहोत म्हणून दुसऱ्याच्या नवऱ्याला आणखी एक रात्र आत ठेवायचं, हेही कळत होतं. दाराबाहेर मोटारसायकल थांबली की हातातलं पेन थांबतं आणि ती पुढं गेली की स्वतःची लाज वाटते.

बुधवारी मी आझेताच्या घरी गेले. न्यायाधीशानं असं जायचं नसतं, तरी गेले. ती बाजरीचं पीठ चाळत होती. मी तिला दोन्ही वाटा सांगितल्या, काही लपवलं नाही. तिनं विचारलं, "मागून सुटला तर त्याला परत नेतील?" मी म्हटलं, नेऊ शकतात. "आणि तुझ्या हुकुमानं सुटला तर?" मी म्हटलं, तरीही नेऊ शकतात, आणि हुकूम मुळात पाळतीलच असंही नाही. तिनं चाळण खाली ठेवली. मला वाटलं, आता ती म्हणेल, मला कागद नको, नवरा हवा. तसं म्हणाली असती तर मी झेर्बोपुढं गेले असते, बिबाता, नक्की गेले असते. ती म्हणाली, "न्यायाधीश तू आहेस. मला विचारून स्वतःचे हात मोकळे करून घेऊ नकोस." मग पोर रडायला लागलं आणि ती आत गेली. मी निघाले.

इथवर वाचून तुला वाटेल, ताई सल्ला विचारतेय. नाही विचारत. पत्र यासाठी लिहिलं की पुढचं बाबांना रेडिओवरून किंवा बाजारातल्या माणसाकडून कळू नये. तू सांग, आई जवळ असताना सांग. मी काल सकाळी हुकूम काढला. इद्रिसा या ठाण्यात आहे, अमुक दिवसापासून आहे, विनाआरोप आहे, त्याला ताबडतोब सोडावं. भरल्या कोर्टात आधी फ्रेंचमध्ये वाचला आणि मग आपल्या मोरे भाषेत, म्हणजे मागं बसलेल्यांनाही कळावा. हुकूम पोचला नाही असं पुन्हा म्हणता येऊ नये म्हणून मी कोर्टाचा झगा अंगावर तसाच ठेवून तो हातानं ठाण्यावर नेला. मागून माणसं आली, मी कुणाला बोलावलं नव्हतं. झेर्बो फाटकात आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "या गुलामबाई, काय हवंय मालकाकडून?" लोक हसायला तयार होऊन उभे होते. मी थट्टेचा एक शब्द बोलले असते तर दार उघडलं असतं. मी त्याला कमांडर म्हणून हाक मारली, कागद पुढं केला आणि पोच मागितली. हसू तिथंच थांबलं. त्यानं कागद घेतला आणि सही केली. दार अजून उघडलेलं नाही. आझेता काल दुपारपासून फाटकासमोर चटई टाकून बसली आहे, माझ्याशी बोलत नाही. बालिमाकाका माझ्या नावचा रजेचा अर्ज घेऊन आले होते, नुसती सही करा म्हणाले, गावी जा, दोन महिने दिसू नका. तो मी फाडला आणि सोमवारच्या सुनावण्या दारावर लावून आले.

तुझीच,
नोपोकोताई