लिंबाचा साबण आणि नऊ नंबर

३ मार्च, सकाळी ७
पांडा केंद्रात कामाला लागलो. पिलू नऊ नंबर, मादी, पुढे डोंगरातल्या जंगलात सोडायचं आहे, म्हणून त्याला माणूस कळताच कामा नये. त्यासाठी आम्ही पांडाचा पोशाख घालून त्याच्यासमोर जातो. पोशाखाला पांडाचं मूत आणि शेण फासलेलं. चौदा नियम वहीत सुवाच्य उतरवले. नियम सहा : पोशाखाला साबण लावू नये.
संकल्प : चौदाही पाळणे.

९ मार्च
अंगावर पुरळ. रात्री सगळे उकळत्या रश्शाच्या हॉटपॉटभोवती जेवायला बसतात, तिथे माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. पोशाख धुतला. एकदाच. मूत नंतर पाठीवर थोडं लावलं, दाखवण्यापुरतं. लिंबाचा साबण स्वयंपाकघरातल्या तान मावशींनी दिला. म्हणाल्या, लग्न करायचं असेल तर साबण लाव, पांडा सांभाळायचा असेल तर लावू नकोस, दोन्हींतलं एक ठरव.

२३ मार्च
पुन्हा धुतला. शेवटचं.

२ मे
नऊ नंबर मला बघताच धावत येते, मांडीवर लोळते. बाकीच्यांकडे ढुंकून बघत नाही. मनातल्या मनात तिचं नाव दोउहुआ ठेवलं आहे, कारण ती त्या नावाच्या टोफूसारखीच मऊ. मला काम शिकवणाऱ्या ओउयांग उस्तादांना सांगितलं, की तिला माझं मन कळतं. ते म्हणाले, पिलाला माणूस आवडला की पिलू संपलं. मी म्हणालो, पण ती मला पांडा समजते. म्हणाले, त्यात तिची काही चूक नाही.
जुनी माणसं कौतुक असंच करतात.

२० ऑगस्ट
दोउहुआच्या भल्यासाठी तिच्याशी तुटकपणे वागायचं ठरवलं. उद्यापासून.

२१ ऑगस्ट
आज तिला सर्दी होती. उद्यापासून.

११ ऑक्टोबर
चौदा तारखेला परीक्षा. तीन माणसं साध्या कपड्यांत पिंजऱ्यात जाणार. ती घाबरून झाडावर चढली तर तिला डोंगर आणि मला कायम नोकरी. माझं नाव तिघांत आहे. हीच काळजी. साध्या कपड्यांतही ती मला ओळखणार. अंगाला माणसाचा वास यावा म्हणून तीन दिवस अंघोळ बंद. आरशात कठोर चेहऱ्याची तालीम केली.

१४ ऑक्टोबर
उस्ताद, मी, आणि माणूस कमी पडला म्हणून तान मावशी. नऊ नंबर सरळ धावत आली. मी चेहरा कठोर केला. मग राहवेना, गुडघे टेकून हात पसरले. ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि मावशींच्या पायावर बसून त्यांचा एप्रन चाटू लागली. एप्रन सकाळीच लिंबाच्या साबणाने धुतलेला.
उस्तादांनी एप्रन हुंगला. मग दोरीवर वाळत घातलेला माझा पोशाख हुंगला.
"पोरा, डोंगर तिचा होता," एवढंच म्हणाले.

२ नोव्हेंबर
शहरातल्या प्राणिसंग्रहालयात बदली झाली. दोघांचीही. ती काचेच्या आत. मी बाहेर, पांडाच्या पोशाखात, मुलांबरोबर फोटोला उभा. इथे एकच नियम : पोशाख रोज साबणाने धुणे. काटेकोरपणे पाळतो.
साबण गुलाबाचा मिळतो. तिने अजून ओळख दाखवलेली नाही. नवीन जागा आहे, वेळ लागेल.