काटा आईच्या बाजूला

४ फेब्रुवारी, मंगळवार
काटा हललाच नाही!

बाकी सगळं झालं. खोक्यांतून सुट्या भागांनी आलेली, बाबांनी शेडमध्ये एकेक बोल्ट आवळून उभी केलेली चारचाकी गाडी आज भर दुपारी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. दिवे लागले. हॉर्नने शेजारच्या काकूंची झोप मोडली. फक्त स्पीडोमीटर ढिम्म.

तो आमच्या जुन्या मोटारसायकलचा. बाबांनी काढून गाडीत बसवला, तोही डावीकडे, चालवणाऱ्यासमोर नाहीच. आईची अट! "काटा माझ्या डोळ्यांसमोर हवा. चाळिसाच्या वर गेलात की मी उतरणार. चालत्या गाडीतून."

तीन वर्षांपूर्वी आई-बाबा मोटारसायकलवरून मावशीकडे निघाले होते. वळणावर कुत्रं आडवं आलं आणि आई पडली. खुबा मोडला. कुत्रं तपकिरी, एक कान पडका – डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना आईने सांगून झालंय. तेव्हापासून दवाखाना सोडला तर तिने उंबरा ओलांडलेला नाही. मावशी तिकडून, ही इकडून, फोनवर डोळे पुसतात. महिन्याभरातच बाबांनी खोकी मागवली होती.

म्हणजे काटा हलला तरच आई हलणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आज विचित्रच पाहिलं. बाबा चालवत होते, मी आईच्या जागेवर. काटा शून्याच्या खिळ्याला चिकटून थरथरत होता, जणू त्याला शून्याच्याही मागे जायचंय. आणि खालचे किलोमीटरचे आकडे फिरत होते – उलटे! ४१८६२ होते. ४१८६१ झाले.

बाबा म्हणाले, "त्या दिवसापासून हा आकडा हलला नव्हता." मोटारसायकल टेम्पोतून घरी आली होती, आणि बाबा पुन्हा तिच्यावर बसले नाहीत.

तेव्हापासून डोक्यात तेच. किलोमीटर परत येताहेत. रस्त्यावरून आई अलगद उचलली जाते, पदर सावरत मागे बसते, पिशवीतून सांडलेली लिंबं टपाटप पिशवीत परत. वळण सरळ होतं. आणखी मागे गेलं तर मी कॉलेजच्या दारात उतरण्याऐवजी चढते, एकेक वर्षाने लहान होत, शेवटी टाकीवर बसून दोन्ही हातांनी आरसा धरते. घरातली पहिली पदवीधर, आणि दिवसभर हे असलं बघत बसले! भात करपला.

९ फेब्रुवारी, रविवार
सापडलं! आरशासमोर वेणी घालताना. चूक माझीच.

मोटारसायकलवर केबल चाकाच्या डाव्या अंगाने निघायची. मीटर आईसमोर, केबल आखूड, म्हणून मीच छातीठोकपणे म्हणाले होते की डाव्या चाकाला जोडा. डावं ते डावं! पण गाडीत केबल चाकाला आतून लागते, म्हणजे डाव्या चाकाच्या उजव्या अंगाला. तिथून बघितलं तर चाक उलटंच फिरणार. उजव्या चाकाला, लांब केबलने जोडायला हवी.

बाबा इतके हसले की हातातला पाना पडला. "पदवी फ्रेममध्ये, केबल उलटी! आणि मी आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस, मान डोलावत होतो." आई आतून – "दोघांना एकत्र बसवा नि फ्रेम करा!"

१० फेब्रुवारी, सोमवार
लांब केबल घेऊन आले तर शेड रिकामी. घरामागच्या मोकळ्या मैदानावर बाबा गाडीने गोल गोल फिरत होते. एकटेच. ऊन कलायला आलेलं, धूळ सोनेरी झालेली.

"अहो बाबा, केबल उलटीच आहे अजून! काय बघताय?"

"आकडा."

मी शेजारी जाऊन बसले. ४१८५६. आणखी दोन किलोमीटर ते फिरतच राहिले. ४१८५४ झाले तशी गाडी थांबवली.

"घरापासून त्या वळणापर्यंत सात किलोमीटर. आणि एक, केबल बदलल्यावरच्या चाचणीला."

असं काही पुसलं जात नाही हे मला कळतं. त्यांनाही कळतं. तरी आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत धूळ खाली बसेपर्यंत बसून होतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
काटा हलला! कसा उठला – झोपेतून उठल्यासारखा.

पण खोटं बोलतो. मी टायरवर खडूने खूण करून दोन्ही चाकं गल्लीत दहा-दहा फेरे ढकलली. मोटारसायकलचं चाक एकोणीस मीटर गेलं, गाडीचं सोळाच. मीटरला हे कोण सांगणार! आपण चौतीसने जातो, तो चाळीस दाखवतो.

बाबा म्हणाले, "राहू दे की. तिला चाळीस वाटेल, आपण हळूच जाऊ. बिघडलं काय?"

"तिने मागितला तो खरा काटा. भरवसा ठेवायला."

"एखादं खोटं माणसाला सांभाळून घेतं गं."

"मला नाही पटत. कोणाच्या भल्यासाठीही नाही!" जरा जोरातच बोलले. बाबांनी चेहरा वळवला आणि पुसलेलाच पाना पुन्हा पुसायला घेतला. इतकं लागण्यासारखं काय बोलले मी?

१५ फेब्रुवारी, शनिवार
काचेवर, सत्तेचाळीसच्या किंचित पुढे, नेलपॉलिशची लाल रेघ मारली. खरा चाळीस तिथे. आईला हाताला धरून शेडपर्यंत आणलं, सगळं समजावलं.

"म्हणजे हा वेग आहे त्याहून जास्त सांगतो?"

"हो."

"बरंय. तुझ्या बाबांनी आजवर कमीच सांगितलाय." आणि दार उघडून सीटवर हात फिरवत राहिली. मग सहज म्हणाली, "उद्या मावशीला फोन करू नकोस. दारातच उभं राहू."

१६ फेब्रुवारी, रविवार
मी मागे. आईची नजर काट्यावर. मीटर जास्त मोजतं, त्यामुळे वळण किलोमीटरभर लांब असतानाच त्या दिवसाचे ४१८६२ आले. बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप सुटला.

"कुत्रं नव्हतं गं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, मलाच.

"नव्हतंच," आई म्हणाली. "मीच आणलं ते. कानासकट. यांच्या खांद्यावरून मला काटा दिसत होता – पंच्याऐंशी." मग लाल रेघेवर बोट ठेवून, "आता काटा अलीकडे आहे. थांबू नका."