हाताला कळणारी बटणं

२ सप्टेंबर

डॅशबोर्डातून धूर! टाक्यांचं पाणी बघून परत येत होतो. वाळक्या ओढ्यापाशी आधी प्लास्टिक जळाल्याचा वास, मग धूर. क्लेमनं बॅटरीची तार उपटली आणि वर मलाच म्हणाला, "तुझ्या सिगरेटी!" सिगरेट सोडून मला दहा वर्षं झाली.

नवरा माझा, पण तारा त्याच्या. दर वर्षी गाडीला काहीतरी नवं लटकवायचं. लांब झोताचे दिवे, वाळूत रुतल्यावर ओढायची विंच, टायरात हवा भरायचा पंप, मागे फ्रिज. प्रत्येकाला एक खटका ठोकायचा, मिळेल त्या तारेनं. आत बघावं तर कावळ्यानं पिऊन बांधलेलं घरटं.

जळलेले खटके तोडून टाकले. घरी येईपर्यंत गुरांच्या कुंपणांची पाच फाटकं. उतरायचं मी, उघडायचं मी, लावायचं मी. शेजारी बसतो त्यानं फाटक बघायचं, हा इथला नियम. कंबर माझी मोडकी, पण नियम तो नियम.

३ सप्टेंबर

ग्लेनला फोनवर सांगितलं. मुलगा आहे, सांगावं लागतं.

"आई, ते सगळं उपटून फेका. आता बॉनेटखाली एकच डबा बसतो आणि पुढे एक सपाट पट्टी. आठ बटणं. तार तापली तर डबाच वीज तोडतो. बाबांच्या वाढदिवसाला माझ्याकडून."

क्लेम पलीकडून ओरडला, "मला खटके हवेत! खट्ट वाजणारे!"

"बाबा, तुम्हालाच म्युझियमात ठेवायला हवं!"

हसले दोघं. मला नाही आलं हसू.

६ सप्टेंबर

लिहून टाकते. इथे कोण वाचतंय!

क्लेमला दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं गेलं. त्यानं मला सांगितलं नाही, मी त्याला विचारलं नाही. चहा कपाशेजारी ओततो आणि किटलीला शिव्या घालतो. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतो.

गाडी सवयीनं चालवतो. खटके हातानं ओळखायचा — खाच पडलेला दिव्यांचा, टोपी उडालेला विंचचा. रस्ता मी वाचते. "खड्डा!" "डावीकडे घे!" "झोपलास का?" बायको कटकट करतेय असं दाखवून. पन्नास वर्षं कटकट केली, ती अशी कामाला आली.

सपाट पट्टी बसली की एका दिवसात उघडं पडणार. ग्लेन किल्ली काढून घेणार. किल्ली गेली की आम्ही गेलो. गावापासून सव्वाशे किलोमीटरवर, गुरांत, गाडीशिवाय कोण राहील? मला चालवता येते, पण खुब्याचा सांधा बदलल्यापासून डाव्या पायानं क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टर नको म्हणाला. मग काय, गावातली म्हाताऱ्यांची घरं. आपल्या दोन खोल्या, खिडकीतून दुसऱ्यांच्या दोन खोल्या.

७ सप्टेंबर

वारा. धूळ. क्लेमनं दाढी करताना कान कापला.

१० सप्टेंबर

गावात, डेसच्या शेडवर. गाड्यांचं वायरिंग करतो, तोंडात कायम काडी. त्यानं दोन्हींचं बरंवाईट समोर मांडलं. खटके घेतले तर प्रत्येकाला वेगळी तार, वेगळा फ्यूज. एक बिघडला तर बाकीचे चालू, रानात पकडीनं दुरुस्त होतो. पण तारांचा गुंता आलाच. पट्टीला बारीक एकच तार, आगीची भीती नाही. पण ती गेली की सगळंच गेलं, डेस येईपर्यंत बसा.

"मग चांगलं कुठलं?"

"ते वापरणाऱ्यावर आहे, नोरा. अंधारात, गाडी उडत असताना, बटण डोळ्यांनी शोधणार की हातानं?"

क्लेम बाहेर कुणाशी पावसाच्या गप्पा मारत होता. त्या माणसाच्या खांद्याकडे बघून. डेस काडी चावत माझ्याकडे बघत राहिला, मेला.

विचार करून सांगते म्हटलं. विचार काय करणार, डोंबल! खटके सांगितले तर आंधळ्याला गाडी देते. पट्टी सांगितली तर आम्हा दोघांना घराबाहेर काढते.

१२ सप्टेंबर

ग्लेनचा फोन. सुट्टीत रूबीला पाठवतोय. सात वर्षांची नात. "आजोबांबरोबर रोज फिरायचंय म्हणते, तुमच्या दोघांच्या मध्ये बसून."

आमच्या गाडीला पुढे एकच लांब सीट. मध्ये बसणाऱ्याला पट्टा कमरेचाच.

आज उन्हं उतरताना कांगारू आला. मी किंचाळले. क्लेमनं ब्रेक मारला तो माझ्या किंचाळण्याला. शेपूट घासून गेलं. "दिसला होता मला," म्हणाला. बघत होता दुसरीकडेच!

१३ सप्टेंबर

डेसला फोन केला. पट्टी बसव म्हटलं. क्लेमला सांगितलं, ग्लेननं परस्पर ठरवलं.

१७ सप्टेंबर

बसली. काळी, काचेसारखी. क्लेमनं त्यावर हात फिरवला. पुन्हा फिरवला. बोटाला काही लागेना. दिवे लावायला गेला तर हवेचा पंप खडखडायला लागला.

"छान आहे," म्हणाला.

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खारवलेलं मांस केलं होतं, त्याच्या आवडीचं. ताटात तसंच.

१८ सप्टेंबर

पट्टीवर गोंदाचे थेंब! वाळून कडक झालेले. दिव्यांवर एक, विंचवर दोन, पंपावर आडवी रेघ. बशा चिकटवायचा माझाच गोंद. म्हातारा सकाळपासून शीळ घालतोय.

मी हरले. आता काय करू? चाकांतली हवा सोडू? ग्लेनला सांगू? फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला. रूबी परवा येते.

"म्हातारे, तोंड का पाडलंस? ये, बघ!" भर दुपारी मला गाडीसमोर उभं केलं. आत बसून बटण दाबलं. दिवे लख्ख पेटले, माझ्या पोटावर झोत.

तो काचेमागून माझ्या दिशेनं बघत होता.

"लागले का गं?"

पहिल्यांदाच विचारलं त्यानं.

१९ सप्टेंबर

शेवटचं फाटक. मी उतरले, उघडलं, गाडी पुढे आली, लावलं. मग माझ्या दाराकडे गेलेच नाही. त्याचं दार उघडलं आणि उभी राहिले.

तो माझ्या जागेकडे सरकला.

मी दुसरा गिअर टाकला तो घरापर्यंत बदलला नाही. एकदा क्लच दाबला तरी डोळ्यांतून पाणी. अंधारून आलं होतं.

"दिवे," मी म्हणाले.

त्यानं हात पुढे केला, थेंब चाचपला.

"लागले," मी म्हणाले.