फिक्स खिडकी

सानगडी, ता. साकोली
२१ मे २०२५

प्रिय प्रफुल्ल,

तुले न् खुशबूले सप्रेम जयभीम. लेकराले आत्याचा गोड पापा.

पत्र पाहून घाबरू नोको. आई बरी आहे. पुण्यात पत्र कोण वाचते म्हणशील, पण आपल्या घरात रेंज आईच्याच खोलीत भेटते, न् लकव्यानं तिची जीभ गेली तरी कान शाबूत आहेत. तिच्यासमोर हे बोलता येत नाही. म्हणून लिहून राहिली.

इकडे ऊन सेहेचाळीसवर गेलं. गल्लीतल्या बाया तेंदूपत्त्याच्या कामावर आहेत. पहाटे जंगलातून पत्ता आणतात, न् दुपारभर समोर सुंदरबाईच्या सपरीत सावलीले बसून पुडे बांधतात. सुंदरबाईचा आवाज तसाच आहे, बस स्टँडपर्यंत जाते.

खिडकीचं तू दर फोनवर विचारतं. लागली बाबा, चांगली लागली. जुने लाकडी पल्ले वाकडे झाले होते, एसीची सारी थंडाई फटीतून गल्लीत जात होती, हे तुहं बरोबर होतं. साकोलीच्या दुकानवाल्यानं, जीवन नाव त्याचं, सारं नीट समजावून सांगतलं. दोन काचा, मधात हवा कोंडलेली, न् बाहेरून चमक, म्हणजे ऊन तिथूनच वापस. एक सरकणारी होती, एक उघडणारी, न् एक फिक्स, जे उघडतच नाही. थंडाई फिक्समधेच सगळ्यात जास्त टिकते. तेच घेतली. तुले सांगतलं होतं का दुकानात तेवढीच शिल्लक होती म्हणून.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आईले ताप आला, असं मी तुले फोनवर म्हटलं. ताप नव्हता, प्रफुल्ल.

त्या दिवशी मी साकोलीले अस्तर न् धागे आणाले गेली. लग्नसराईचे ब्लाऊज अडकून पडले होते. आईले खाऊ घातलं, एसी लावला, बकऱ्या घुसतात म्हणून रोजच्यासारखी बाहेरून कडी घातली. साडेअकराले लाईन गेली, म्हणजे एसीही गेला. न् मी घरी आली सव्वातीनले.

सपरीत सात-आठ बाया बसून होत्या, हासणं-खिदळणं चालू होतं. सुंदरबाई म्हणे, "शकुन, आज तुही माय चूप आहे वो. झोपली वाटते."

झोपली नव्हती ती. मले बोलवाचं असलं का आई जुन्या खिडकीच्या गजावर चमचा वाजवे, हे तू पाहिलंच आहे. तो चमचा वाकला होता. आतल्या काचेवर पांढरे ओरखडेच ओरखडे. लुगडं घामानं चिंब, डोळे सताड उघडे. बाया तिले दहा पावलांवर दिसून राहिल्या होत्या, न् बायांले त्या चमकत्या काचेत निस्तं आभाळ दिसे. एक डावा हात चालते तिचा, किती जोरानं वाजवन? दोन काचांतून ते टकटक सपरीपर्यंत पोचलंच नाही. दोन दिवस सलाईनवर होती.

सुंदरबाई दवाखान्यात माह्या गळ्यात पडून रडली. "मले आयकूच नाही आलं वो, शकुन." तिले वाटते चूक तिचीच आहे. मी तिले तसंच वाटू देलं.

दुकानात तिन्ही होत्या. जीवननं मले साफ म्हटलं, "ताई, पेशंटच्या खोलीले उघडणारी घ्या. थोडी थंडाई गेली तर गेली." मीच फिक्स मागितली.

काहून, ते आयक. पाच वर्षं झाले. मशीनवर बसली का चमचा. घास तोंडात घेतला का चमचा. न् मी उठाच्या आधीच समोरून सुंदरबाई, "शकुन वो, माय बलावते ना!" नळावर दोन मिनिटं जास्त लागले तर साऱ्या बाया, "बिचारी बुढी." आख्खी गल्ली मले राखाले बसली होती. मले वाटलं, आई वाजवू दे, मी काही बहिरी नाही, मी जाईन. पण गल्लीले आयकू नाही गेलं पायजे. एवढंच वाटलं रे. तथागताच्या मूर्तीपुढं सांगतो, आईचं वाईट मी कधी चिंतलं नाही.

आता काय करू? जीवन येऊन पाहून गेला. चौकट पक्की बसली, काढाची तर भिंत फोडा लागते, न् नवी याले महिना. तवरक भिंतीले भगदाड न् हे ऊन. डॉक्टर म्हणते, खोली थंडच ठेवा, पुन्हा ऊन लागलं तर आमच्या हातात काही नाही. दरवाजा उघडा ठेवतो तर थंडाई निघून जाते. बंद केला का उठून उठून पाहतो. तू विचारशील, बिल कमी आलं का? आलं.

न् आणखी एक. दवाखान्यातून आल्यापासून आई चमचा वाजवत नाही. मी नवा आणून तिच्या हातात देला. तिनं काचेकडे पाहिलं, मग माह्याकडे पाहिलं, न् चमचा चादरीवर ठेवून देला. तहान लागली तरी वाजवत नाही. ओठ कोरडे दिसले का मीच पाणी पाजतो.

तिले समजलं का रे? तिन्ही खिडक्या होत्या, हे तिले कोण सांगन?

तू ये, असं मी म्हणत नाही. येऊन तू तरी काय करशील. फक्त फोनवर यातलं काही बोलू नोको, ती आयकते. घर एकदम शांत आहे. मले हेच पायजे होतं ना.

मशीन बंद करून, चमच्याकडे कान लावून बसलेली
तुही ताई,
शकुन